अर्ध्या नावाचं काडतूस

मित्रांनो, मी एक जुनं काडतूस आहे. नाव ऐकताच एक पाऊल मागे सरकलात ना? शहाणे आहात. तिथूनच ऐका. माझ्यासारख्याची गोष्ट जवळ येऊन, हातात घेऊन ऐकायची नसते.

माझं अंग लाल प्लास्टिकचं आणि बूड पितळेचं. बुडाच्या मधोमध टिकलीएवढी टोपी, तिच्यात ठिणगी निजलेली. तिच्यावर बारूद, बारुदीवर जाड चकती आणि चकतीवर शिशाचे टपोरे छर्रे. कारखान्यातल्या यंत्राने हे सगळं माझ्या पोटात भरलं आणि शेवटी माझं तोंड आत दुमडून बंद केलं. करंजीची कड मुरडावी तसं, पाकळी पाकळी करून. ही दुमड लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढचा सगळा घोर तिच्यापायी आहे.

मग माझ्या अंगावर छापलं, '१२ बोर, ७० मि.मी., एल.जी.' (एल.जी. म्हणजे मोठे छर्रे) आणि पितळी बुडावर खोल ठोकलं ते फक्त '१२'. छापलेलं आणि ठोकलेलं यात काय फरक असतो, हे तेव्हा मला कुठून कळणार? मी आपला लांबलचक नाव मिळालं म्हणून फुशारून खोक्यात बसलो.

तिथून आलो छत्तीसगडातल्या दुर्गच्या एका बंदुकीच्या दुकानात. जाड जाळीमागे आमची खोकी, आणि समोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत नमुन्याची निकामी काडतुसं टांगलेली. त्यांच्यातली बारूद केव्हाच काढून घेतली होती, पण बोलणं काही काढून घेता आलं नव्हतं. दिवसभर एकमेकांना आपापली नावं सांगायची.

"माझं माप इंचाचं," तीनशे तीन म्हणे. "एका इंचाचे हजार भाग करा. त्यातले तीनशे तीन घ्या. तेवढं माझ्या नळीचं तोंड."

त्याच्या शेजारचा मिलिमीटरवाला होता. "मी सात पूर्णांक बासष्ट गुणिले एकोणचाळीस. पहिला आकडा नळीच्या रुंदीचा, दुसरा माझ्या पितळी अंगाच्या लांबीचा. कसं स्वच्छ काम आहे!" पण त्याची गोळी मोजली तर सात-बासष्टपेक्षा किंचित जाडच निघायची. रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात ना, तर त्याच्या नावातलं माप दोन उंचवट्यांमधलं होतं आणि गोळी मात्र खाचांपर्यंत पोचणारी. म्हणजे स्वच्छ कामातही थोडं झाकलेलं होतंच.

एकाच्या नावात शून्य सहा होतं. ते माप नव्हतं, सन होता, एकोणीसशे सहा. त्या साली तो फौजेत लागला, म्हणून जन्मभर अंगावर मिरवत होता. आणि एक अडतीस होता, त्याची गोळी प्रत्यक्षात छत्तीसलाही पोचत नव्हती. फार पूर्वी कुणीतरी बाहेरच्या पितळेचं माप घेतलं, ते नाव चिकटलं ते चिकटलंच. तुमच्या आडनावांसारखंच म्हणा की. कुणाचं गावावरून, कुणाचं धंद्यावरून, आणि कुणाचं कशावरून ते घरातल्या कुणालाच सांगता येत नाही.

आमच्या 'बारा'ची कूळकथा तर याहून जुनी. एक पौंड शिसं घ्यायचं. त्याच्या सारख्या बारा गोळ्या करायच्या. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल, ती नळी बारा बोरची. वीस गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी बारीक होणार, म्हणून वीस बोरची नळी बारापेक्षा सडपातळ. आकडा वाढतो आणि नळी आवळत जाते. नवख्या माणसाची इथेच गफलत होते.

पण बारा ही झाली फक्त रुंदी. माझ्या नावातलं सत्तर हे लांबीचं. आणि ते माझ्या बंद अंगाचं माप नाही बरं का. बंद असताना मी साठाच्याही आत भरतो. मी फुटलो, तोंडाची दुमड सरळ झाली, की मी जेवढा लांब होईन, ते सत्तर. आमच्या जातीचं माप मेल्यावर पुरं होतं.

त्या दुकानातून मला बळीराम मेश्रामने नेलं.

बळीरामचे वडील भंडाऱ्याकडून पोलादाच्या कारखान्यात कामाला आले आणि भिलाईचेच झाले. बळीरामला मात्र कारखान्यात कायमची नोकरी मिळाली नाही. बरीच वर्षं ठेकेदाराकडे काढली, मग बंदुकीचं लायसन काढलं आणि एका एजन्सीमार्फत जुनवानीच्या बँकेत गार्ड झाला. आपल्याकडे बँकेच्या दारात उभा असलेला म्हातारासा गार्ड तुम्ही पाहिला असेल. त्याच्या हातातली बंदूक पुष्कळदा त्याची स्वतःचीच असते. नोकरी माणसाला मिळत नाही, बंदुकीला मिळते. माणूस तिला धरायला उभा असतो. बळीराम हे हसून सांगायचा, पण घरी त्याची बायको चंपा ते ऐकून हसत नसे.

त्याची तेव्हाची बंदूक एकनळी होती, देशी कारखान्याची. नळीच्या मागच्या तोंडाशी माझ्यासारख्यासाठी एक खोली कोरलेली असते, तिला चेंबर म्हणतात. एकनळीचं चेंबर माझ्या मापाचं होतं. आत सरकलो की पुढे माझ्या दुमडीला उघडायला मोकळी जागा दिसायची. मी निवांत असे.

बळीरामच्या कमरेच्या चामडी पट्ट्यात मी वर्षानुवर्षं राहिलो. दरवर्षी एजन्सीचा फायरिंगचा दिवस यायचा, माझे सोबती जाऊन फुटून यायचे, त्यांच्या जागी नवे यायचे. मला मात्र बळीराम मागे ठेवायचा. "हा म्हातारा राहू दे," म्हणायचा. "याच्या पायगुणानं बँकेत कधी काही झालं नाही." बाकीचे गार्ड दसऱ्याला बंदुकांना हळदकुंकू लावायचे, झेंडूच्या माळा घालायचे. बळीराम त्या दिवशी घरच्यांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जायचा. परत आला की म्हणायचा, "पूजा नाई करत मी हिची. तेल देतो. तेच तिले पायजे." आणि खरंच, त्याच्याइतकं बंदुकीला निगुतीने तेल देणारा दुसरा कुणी नव्हता.

पण चामड्याला माया नसते. पट्ट्यात घासून घासून माझ्या अंगावरची छपाई उडाली. आधी एल.जी. गेलं, मग मि.मी. पुसट झालं, मग सत्तर. उरलं ते बुडावर ठोकलेलं '१२'. माझं अर्धं नाव.

मग एकनळीचा घोडा झिजला, आणि बळीरामने एक जुनी दुनळी घेतली. रीतसर, लायसनवर चढवून. विलायती होती. कुण्या मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या, घरातून आलेली. खांद्याला लावायच्या लाकडी कुंद्यावर वेलबुट्टी, नळ्या काळ्याभोर, वजनाला हलकी. बळीराम तिच्यावर खूश. लायसनवर आधी '१२ बोर' होतं, आताही '१२ बोर'च. पट्ट्यातली काडतुसंही बाराच. बारा आणि बारा जुळले. कुणी काही विचारलं नाही आणि विचारावं असं कुणाला वाटलंही नाही.

पहिल्या सकाळी त्याने मला दुनळीच्या उजव्या नळीत सरकवलं. मी अगदी अलगद आत गेलो. बंदूक बंद झाली, कुठे अडखळली नाही. आणि आतल्या अंधारात मी पुढे पाहिलं मात्र, माझ्या पोटातली बारूद गार झाली.

पुढे जागाच नव्हती! माझ्या तोंडापासून थोड्याच अंतरावर नळीची भिंत आत वळलेली. चेंबर आखूड होतं. मित्रांनो, मी बंद होतो म्हणून मावलो होतो. फुटल्यावर माझी दुमड उघडणार, ती सरळ त्या अरुंद भागात जाऊन बसणार, आणि मागून बारुदीचा सगळा जोर घेऊन येणाऱ्या छर्‍यांची वाट आवळून धरणार. कदाचित काही होणार नाही. बंदुका पुष्कळ सोसतात. पण ही होती जुन्या, पातळ नळ्यांची. जोर कोंडला तर नळी फाटू शकते, आणि ती फाटेल तिथेच खाली बळीरामचा डावा हात असतो. थोडं वर त्याचा डोळा.

मला तोंड आहे, पण ते एकदाच उघडतं. कसं सांगणार?

तेव्हापासून रोज सकाळी तो मला उजव्या नळीत घाली आणि संध्याकाळी काढून पट्ट्यात ठेवी. दिवसभर मी दारातल्या लोकांचे पाय ऐकत बसे. कुणी जोरात दार ढकललं की माझ्या मनात यायचं, आज. कुणी ओरडून बोललं की यायचं, आज. बँकेत पेन्शन घ्यायला आलेल्या आजीबाई बळीरामला म्हणायच्या, "भाऊ, तू हायेस म्हणून धाक हाय." त्यांना काय ठाऊक, धाक कुणाला होता!

असं होता होता फायरिंगचा दिवस जवळ आला. दुनळीचा पहिलाच. यंदा एजन्सीचा नवा हुकूम होता की जुनी काडतुसं आधी संपवा. म्हणजे मी. त्यात ज्याचं फायरिंग होणार नाही, त्याला ड्यूटी नाही. आणि बळीरामच्या जागेवर डोळा ठेवून एक उमेदवार कधीचा बसलेला, प्रफुल नावाच्या गार्डाचा साळा. प्रफुल हे लपवतही नसे. "कका, अब घर बइठ के नाती खिलाव," असं, म्हणजे आता घरी बसून नातवंडं खेळवा असं, छत्तीसगढीत म्हणून खो खो हसायचा. बळीरामला अजून नातू नव्हता. हसणं त्याला लागायचं.

आदल्या दिवशी एजन्सीची गाडी सगळ्यांच्या बंदुका घेऊन गेली. काडतुसं बळीरामने घरी आणली. त्याचं घर जामुलला, सिमेंट कारखान्याजवळ. चंपा तिथल्या कामगारांसाठी डबे करते. संध्याकाळी बळीरामने पेपर पसरून त्यावर आम्हाला उभं केलं. एकीकडे आम्ही भरलेली, दुसरीकडे गेल्या वर्षी एकनळीतून फुटलेली रिकामी. नवी घ्यायची तर दुकानात रिकामी दाखवावी लागतात.

चंपा कणीक मळता मळता बघत होती. हात थांबले.

"अवो, हे रिकामे उंच कावून हायेत?"

"कुठचे?"

"हे बघा ना. भरलेला बुटका आन रिकामा उंच. माणसाचं पोट रिकामं झालं तर तो वाकते. याचं उलटच!"

"फुटल्यावर फुगते ते," बळीराम म्हणाला. "तू चपात्या पाय."

"फुगलं तर जाड होईन. उंच कसं होईन?" चंपाने कणकेच्या हाताने मला उचललं, माझी दुमड बघितली. (मला गुदगुल्या झाल्या आणि घामही फुटला.) "हं. पोत्याच्या तोंडासारखं हाय. घडी उघडली का पोतं वाढते." मग तिने जे विचारलं, त्यासाठी मी इतके महिने थांबलो होतो. "मंग नळीच्या आत हे वाढलेलं जाते कुठं?"

बळीरामने मला तिच्या हातातून घेऊन परत ओळीत उभं केलं.

तेवढ्यात कीर्ती आली. त्यांची मुलगी. इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये नटबोल्ट तपासायला आहे, दिवसभर हातात बारीक मापं घ्यायचं व्हर्निअर. चंपाने तिला तोच प्रश्न विचारला. कीर्तीने पर्स ठेवली, चहाही घेतला नाही. पर्समधून व्हर्निअर काढून आधी मला मोजलं, मग रिकाम्याला.

"मम्मी बरोबर बोलून राहिली. हा एकोणसाठ, हा सत्तर. पप्पा, तुमचं चेंबर किती लांब आहे?"

"बारा बोर."

"वो तो चौडाई हुई ना पप्पा! लांबी किती?"

"लांबी-बिंबी काही नसते. लायसनवर बारा लिहिलं हाय, बुडावर बारा लिहिलं हाय."

"बंदुकीवर कुठे काही लिहिलंय का?"

बळीराम जरा थांबला. "नळीच्या खालतून हाय. लाकूड काढलं का दिसते. अडीच लिहिलं हाय, दोन आन एक छेद दोन. रोज तेल देतो त्याले. कारखान्याचं काही असन."

कीर्तीने बोटांवर हिशेब केला. मग हळू म्हणाली, "अडीच इंच, पप्पा. म्हणजे साडेत्रेसष्ट मिलिमीटर. आणि हे उघडून सत्तर होते."

घरात फक्त कुकरची फुसफुस. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, आणि पेपरवर आम्ही, ओळीत उभे, बुटके आणि उंच.

"तुले बंदुकीचं काय कळते?" बळीराम म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"बंदुकीचं नाही कळत. भोकाचं कळते. भोक छोटं आन बोल्ट मोठा, हे रोज पाहतो आम्ही. ठोकून बसवला तर फाटते."

"मंग मी काय करू? उद्या जाऊन सांगू, साहेब, माझी पोरगी नाही म्हणते? प्रफुलचा साळा दारात उभा हाय. बंदूक नाही चालली तर मले कोन ठेवते? मी बिनबंदुकीचा कोन हाय, सांग!"

चंपा म्हणाली, "आमचे मानूस हाये तुमी."

"त्याचा पगार भेटत नाई."

"हात गेल्यावर बी भेटत नाई."

चंपाने ताटं वाढली. जेवणं उरकली तशीच. बळीरामने आम्हाला पट्ट्यात घातलं, मला पहिल्या खान्यात. सकाळी निघताना कीर्तीने एक रिकामं काडतूस त्याच्या शर्टाच्या खिशात टाकलं. "पप्पा, फायर के पहले ये डालके देखना. बंदूक बंद झाली तर मी चूक. मग खुशाल फायर करा."

तो पट्टा कमरेला आवळून निघाला.

फायरिंग होतं नंदिनी नगरकडे, चुनखडीच्या एका जुन्या, बंद पडलेल्या खाणीत. पांढरे कडे, खाली खोलगट जागा, समोर मातीचा ढीग आणि त्यावर लाकडी फळ्या. एजन्सीचे सुपरवायझर नरहरी सर शिट्टी गळ्यात घालून उभे. दुर्गचे, बोलणं नीट मराठीत, पण घाई हिंदीत.

"चलो चलो, एक एक जण. दोन राउंड मारायचे आणि बाजूला."

पहिला गेला. खाणीच्या कड्यांवर आवाज आपटून परत आला. पट्ट्यातली आम्ही सगळी थरथरलो. दुसरा प्रफुल. धडाड, धडाड. फळीला भोकं. त्याने वळून बळीरामकडे बघून मिशीवर हात फिरवला.

"मेश्राम!"

बळीराम रेषेवर गेला. दुनळी उघडली. पहिल्या खान्यातून मला काढलं. त्याची बोटं ओली होती. मला वाटलं, आता खिशात हात जाईल. गेला नाही. त्याने मला उजव्या नळीत सरकवलं.

अलगद गेलो. तेच तर वाईट होतं. अडकलो असतो तर किती बरं झालं असतं!

बंदूक बंद झाली. खांद्याला लागली. डावा हात पुढे येऊन नळीखाली बसला, नेमका जिथे बसायला नको तिथे. त्याच्या हाताची ऊब पोलादातून मला कळत होती. माझ्या पुढे ती आवळलेली भिंत. मागे, टोपीच्या मागे, घोडा. मी माझी दुमड घट्ट मिटून धरली, जणू माझ्या धरण्याने काही होणार होतं.

"फायर!"

काही झालं नाही.

"मेश्राम, फायर!"

बळीरामचा श्वास मला ऐकू येत होता, कुकरसारखा, अडून अडून. मग पोलाद खाली झुकलं. खट्ट. उजेड. त्याने बंदूक उघडली होती. दोन बोटांनी मला बाहेर काढलं आणि मुठीत धरलं.

"काय झालं?" नरहरी सर.

"नाई मारत, सर."

"का होगे कका?" प्रफुल मागून ओरडला. "कान दुखही का? रुई दे दव भई कका ला!" कानात घालायला कापूस द्या म्हणे! बाकीचे हसले.

"हसू नका," नरहरी सर म्हणाले. "मेश्राम, वेळ घालवू नका. रिपोर्टमध्ये 'न झालं' लिहीन. मग माझ्याकडे येऊ नका."

"लिहा. पन एक मिनिट पाहा." बळीरामने खिशातलं रिकामं काढलं आणि उजव्या नळीत घातलं. ते अर्धं गेलं, बरंचसं गेलं, आणि थांबलं. बूड बाहेर राहिलं. त्याने बंदूक बंद करून पाहिली. बंद होईना. जबडा उघडाच.

नरहरी सरांनी मान हलवली. "फुटलेलं आहे ते. फुगलं असेल."

"काल मी बी हेच म्हनलो घरी," बळीराम म्हणाला. "मले बी तेच वाटलं. मंग प्रफुलच्या बंदुकीत घालून पाहा. फुगलं असन तर तिथं बी अडकन."

प्रफुलने हसत हसत आपली बंदूक पुढे केली. देशी, नव्या मापाची. तेच रिकामं काडतूस तिच्यात घातलं. सर्रकन आत गेलं. टक. बंदूक बंद झाली.

प्रफुलचं हसू तोंडावरच राहिलं, पण त्याच्यातलं काहीतरी निघून गेलं होतं.

"दोनी बारा बोर," बळीराम म्हणाला. "पन तुझी सत्तरची हाय. माझी अडीच इंची. अडीच लिहिलं होतं सर, नळीखाली. मी रोज तेल देत होतो त्या आकड्याले."

वर कड्यावरून एक खडा सुटून घरंगळत खाली आला. मग रांगेतला शेवटचा, पांढऱ्या केसांचा गार्ड आपल्या बंदुकीचं लाकूड सोडवून नळीखालचा आकडा शोधू लागला. "माझी बी जुनी हाय," तो पुटपुटला. नरहरी सरांनी शिट्टी तोंडाशी नेली, वाजवली नाही, खिशात घातली.

पण मित्रांनो, इथे टाळ्या वाजल्या असतील असं समजू नका. नरहरी सरांनी 'न झालं' असंच लिहिलं. नियम होता. त्यांनी बळीरामचा खांदा थोपटला आणि ड्यूटी काढून घेतली, दोन्ही एकाच हाताने. जुनवानीच्या दारात काही आठवडे प्रफुलचा साळा उभा राहिला. बळीराम घरी बसून चंपाच्या डब्यांना झाकणं लावायचा. कधी हात थांबायचा आणि तो डाव्या तळव्याकडे बघत राहायचा. चंपा त्याला हाक मारायची नाही. बघू द्यायची.

एकदा मात्र म्हणाली, "झाकण लावा. हात हाय ना जागेवर?"

दुकानदाराने अडीच इंची चेंबरची काडतुसं मागवायला वेळ लावला. आली, तेव्हा कीर्तीने आधी बंदूक पाहिली, मग काडतूस, मग परत बंदूक. बळीराम पुन्हा खाणीत गेला, दोन राउंड मारले आणि दोन्ही हात शाबूत घेऊन घरी परत आला. पुढच्या सोमवारी तो जुनवानीच्या दारात होता. प्रफुलने आल्या आल्या आपली बंदूक त्याच्यापुढे धरली आणि विचारलं, "कका, येला तंय देख दे तो." म्हणजे, काका, ही तुम्हीच एकदा बघून द्या.

आणि मी? मी आता एका पत्र्याच्या डब्यात आहे, वरच्या फळीवर, कुलपात. दुकानदाराकडे परत जायचं आहे; तिथे माझी बारूद रीतसर काढतील. कदाचित त्या काचेच्या चौकटीत माझीही जागा होईल. काल कीर्तीने नेलपॉलिशने माझ्या अंगावर '७०' लिहिलं, ठसठशीत, गुलाबी. कोण म्हणेल मी बंदुकीचं काडतूस आहे! पण माझं नाव मला परत मिळालं.

तुमच्यापैकी कुणाला माझा एखादा भाऊबंद कुठे पडलेला दिसला, शेतात, माळ्यावर, आजोबांच्या पेटीत, तर त्याला हात लावू नका. मोठ्या माणसाला बोलवा. आणि मोठे झालात, तुमच्या हाती कसलंही यंत्र आलं, गॅसची नळी असो नाहीतर दवाखान्यातली सुई, तर अलगद आत गेलं म्हणून जुळलं असं मानू नका. आकडा अर्धा वाचून थांबू नका. घरात कुणी कणीक मळता मळता काही विचारलं, तर आधी उत्तर शोधा, मग चपात्या मागा.

बळीरामने आज डबा उघडला होता. मला तळहातावर घेतलं, डाव्याच. गुलाबी आकडा वाचला, हसला.

"म्हाताऱ्या," म्हणाला, "तुझ्या पायगुणानं."

मग मला जपून आडवं ठेवलं आणि झाकण लावलं. डब्यांना लावायचा, तसंच, कडेने बोट फिरवून.